फिश टँकचं जादा पाणी जाईल कुठं? ओव्हरफ्लो पाईपचं नियोजन आणि घनफळाचा पाठ



घरात किंवा शाळेत फिश टँक आणायचं ठरलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, मासे कोणते आणायचे? दुसरा प्रश्न, किती खर्च येईल? पण टाकीत पाणी जास्त झालं तर ते जाईल कुठं, हे फारसं कुणी विचारत नाही. आणि लाईट जाऊन परत आली की नेमका हाच प्रश्न फरशीवर येऊन उभा राहतो.

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. पाचवी ते सातवीच्या मुलांना घनफळ, क्षमता आणि पाण्याची पातळी शिकवण्यासाठी इतकं जिवंत उदाहरण क्वचित सापडतं. म्हणून पालकांसाठी यात टाकीची माहिती आहे आणि शिक्षकांसाठी पाठ आहे. गणित कुठंही गुणाकार-भागाकाराच्या पुढचं नाही.

आधी एक खुलासा

प्रत्येक टाकीला ओव्हरफ्लो पाईप लागतोच असं नाही. दीड-दोन फुटांची टाकी, चार-पाच मासे, आत एक छोटा फिल्टर, एवढंच असेल तर पाणी बाहेर जातच नाही. ती सरळ साधी टाकी झाली. पहिल्यांदाच मासे पाळणाऱ्यानं तिथूनच सुरुवात करावी.

पण टाकी तीन फुटांची किंवा मोठी असेल, तर बरेच जण दोन टाक्यांची रचना करतात. वर दिसणारी काचेची टाकी, तिच्यात मासे. खाली स्टँडच्या कपाटात दुसरी टाकी, तिला ‘संप’ म्हणतात. वरचं पाणी काठावरून सांडून पाईपनं खाली येतं, खाली स्पंज आणि गाळणीतून स्वच्छ होतं आणि छोटी मोटर ते परत वर फेकते. हे चक्र चोवीस तास चालू असतं.

याचे फायदे खरे आहेत. वरच्या टाकीतली पाण्याची पातळी कायम एकसारखी राहते. पृष्ठभागावरचा तेलकट थर आपोआप निघून जातो. फिल्टर आणि हीटर खाली लपतात. एकूण पाणी वाढल्यामुळं ते लवकर बिघडत नाही. पण एक जबाबदारीही येते. दोन टाक्या पाईपनं जोडल्या की एकीचं दुखणं दुसरीला भोगावं लागतं. म्हणून काच कापायच्या आधी कागद आणि पेन्सिल घ्यायची.

आपल्या भागातलं उदाहरण: येलदरी आणि सिद्धेश्वर

मुलांना दोन टाक्यांची रचना समजावायला दूर जायची गरज नाही. पूर्णा नदीवर वर येलदरी धरण आहे, जिंतूर तालुक्यात. त्याच्या खालच्या अंगाला आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर धरण. येलदरीतून सोडलेलं पाणी नदीनं सिद्धेश्वरला येतं आणि तिथून कालव्यानं वसमतकडं शेतीला जातं. येलदरी मोठं, सिद्धेश्वर त्या मानानं बरंच लहान. म्हणजे वर मोठी टाकी, खाली लहान टाकी. अगदी आपल्या फिश टँकसारखं.

आता मुलांना विचारा. येलदरी भरलं आणि दरवाजे उघडले, तर सिद्धेश्वरमध्ये जागा आहे की नाही हे कुणी पाहायला नको का? मुलं लगेच म्हणतात, पाहायलाच पाहिजे, नाही तर खाली पूर येईल. बस्स, टाकीचा अर्धा पाठ इथंच झाला.

धरणाला सांडवा असतो. धरण काठोकाठ भरू द्यायचं नसतं. ठरलेल्या पातळीच्या वर पाणी चढलं की ते सांडव्यावाटे सुरक्षित निघून गेलं पाहिजे. पाण्याची सर्वांत वरची पातळी आणि धरणाचा माथा यांत काही उंची मोकळी ठेवलेली असते. एरवी ती रिकामी दिसते, पण संकटात तीच उपयोगी पडते.

सांडवा लहान पडला तर काय होतं? गुजरातमध्ये मच्छू नदीवर मच्छू-२ नावाचं धरण होतं. ११ ऑगस्ट १९७९ रोजी आलेला पूर त्याच्या सांडव्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी मोठा होता. पाणी मातीच्या बांधावरून वाहू लागलं, बांध फुटला आणि खालच्या मोरबी शहरात हजाराहून जास्त माणसं गेली. फिश टँकची तुलना एवढ्या मोठ्या दुर्घटनेशी करायची नाही. पण नियम एकच आहे. येणारं पाणी जितकं जास्तीत जास्त असू शकतं, तितकं जाण्याची वाट आधी करून ठेवायची.

पाणी खाली आणण्याच्या तीन पद्धती

वरच्या टाकीच्या एका कोपऱ्यात काचेची उभी पट्टी लावून एक छोटा चौकोनी कप्पा करतात. पट्टीच्या वरच्या काठाला कंगव्यासारखे दात असतात, म्हणजे पाणी आत जातं आणि मासा बाहेरच राहतो. गप्पीची पिल्लं असतील तर दातांवर बारीक जाळी लावावी लागते. कप्प्याच्या तळाला भोक पाडून, टँक कनेक्टर बसवून त्यात उभा पाईप घालतात. आता पाईप किती आणि कसे, यावरून तीन पद्धती पडतात.

१) एक पाईप. यात पाईपच्या वरच्या टोकाला टी आणि एल्बो बसवतात. एल्बोचं तोंड खाली, पाण्यात. टीच्या वरच्या टोपणाला बारीक भोक, हवा आत येण्यासाठी. पाणी पाईपच्या भिंतीला चिकटून उतरतं आणि मधून हवा ये-जा करते. भोक नसेल तर पाईप मधूनच हवा ओढतो आणि बेसिन रिकामं होताना येतो तसा गडगड आवाज रात्रभर येत राहतो. मासे पाळणाऱ्यांत या जोडणीला ‘ड्युर्सो’ म्हणतात. सोपी आणि स्वस्त. पण वाट एकच. ती तुंबली की संपलं.

२) दोन पाईप. पहिल्या पाईपचं तोंड पूर्ण पाण्याखाली. त्याला खाली एक कॉक असतो. कॉक थोडा थोडा बंद करत पाणी असं जुळवायचं, की पाईप पूर्ण भरून वाहील आणि हवा ओढणार नाही. त्यामुळं आवाज जवळजवळ येत नाही. दुसऱ्या पाईपचं तोंड पाण्याच्या वर, कोरडं. पहिला तुंबला की कप्प्यातलं पाणी चढून दुसऱ्यात पडतं. ही ‘हर्बी’ पद्धत.

३) तीन पाईप. एक पूर्ण भरून वाहणारा, एक थोडंसं पाणी नेणारा आणि तिसरा कायम कोरडा, फक्त संकटासाठी. याला ‘बीन अ‍ॅनिमल’ म्हणतात. सर्वांत सुरक्षित, पण भोकं तीन, जागा जास्त आणि खर्चही जास्त.

घरासाठी किंवा शाळेसाठी माझं मत विचाराल तर दोन पाईपांची पद्धत. कारण तिच्यात एक पाईप कोरडा असतो. दुकानदार म्हणेल, ‘सर, दुसरा पाईप कशाला? त्यातून पाणी तर जातच नाही.’ त्याला सांगायचं, तो रिकामा आहे म्हणूनच पाहिजे. आणि या कोरड्या पाईपला कॉक कधीही बसवायचा नाही. कॉक असला की कुणीतरी तो कधीतरी बंद करणारच!

भोक न पाडता चालेल का?

काचेला भोक पाडायची भीती वाटते म्हणून काही जण काठावर अडकवायचा डबा घेतात. त्यात यू आकाराची उलटी नळी असते आणि सायफननं पाणी काठावरून बाहेर येतं. ड्रममधून नळीनं रॉकेल काढलेलं आपण पाहिलंय. काही ठिकाणी शेतकरी पाटाच्या कडेवरून पाईप टाकून पाणी घेतात, तेही तेच. नळी पूर्ण भरलेली असेल तोपर्यंत पाणी वर चढून पलीकडं उतरतं. नळीत हवा शिरली की धार तुटते आणि आपोआप परत सुरू होत नाही.

आता आपल्याकडची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. लाईट दुपारी जाते, घरी कुणी नसतं. मोटर थांबते. नळीच्या वरच्या वाकणात हवेचे बुडबुडे साचतात किंवा पाणी उतरून नळी मोकळी होते. तासाभरानं लाईट येते. मोटर तिच्या कामाला लागते, खालचं पाणी वर फेकते. पण सायफन तुटलेला. वर येणारं पाणी चालू आणि जाणारं बंद. उरलेलं पाणी सरळ घरात.

लाईट वारंवार जाते अशा गावात हा अडकवायचा डबा नकोच. भोक पाडून घ्यावं, पण ते टाकी बनवणाऱ्याकडूनच आणि टाकी रिकामी असताना. एक गोष्ट आवर्जून विचारा: काच साधी आहे की टफन? टफन काचेला भोक पाडायला गेलं तर सगळी काच तुकडे तुकडे होते. आणि भोकाचं माप पाईपवरून नाही, टँक कनेक्टर हातात घेऊन ठरवायचं. एक इंची पाईपच्या कनेक्टरला भोक एक इंचापेक्षा बरंच मोठं लागतं.

गणित पहिलं: लाईट गेली तर किती पाणी खाली येईल?

समजा वरची टाकी ९० सेमी लांब, ४५ सेमी रुंद आणि ४५ सेमी उंच आहे. इष्टिकाचितीचं घनफळ मुलांना येतं:

९० × ४५ × ४५ = १,८२,२५० घनसेमी. १००० घनसेमी म्हणजे १ लिटर. म्हणून टाकीची क्षमता सुमारे १८२ लिटर.

आता मुलांना याहून कामाचा प्रश्न द्या. पाण्याची पातळी फक्त १ सेमी उतरली तर किती पाणी कमी झालं?

९० × ४५ × १ = ४,०५० घनसेमी, म्हणजे साधारण ४ लिटर.

एक सेंटिमीटरला चार लिटर! हा आकडा वहीत चौकटीत लिहून घ्यायला सांगा. पुढचं सगळं त्यावरच आहे.

खालची टाकी ६० सेमी लांब, ३५ सेमी रुंद, ३५ सेमी उंच. तिथं १ सेमीला ६० × ३५ = २,१०० घनसेमी, म्हणजे २ लिटरहून थोडं जास्त. मोटर चालू असताना तिच्यात २० सेमी पाणी असतं. वर १५ सेमी मोकळे. मोकळी जागा १५ × २.१ = साधारण ३१ लिटर.

लाईट गेली. मोटर थांबली. आता दोन वाटांनी पाणी खाली येतं. पहिली वाट ओव्हरफ्लोची. कप्प्याच्या काठाच्या वर जे पाणी होतं तेवढं उतरतं आणि थांबतं. ही वाट शहाणी आहे. दुसरी वाट अनेकांच्या लक्षातच येत नाही. ज्या पाईपनं मोटर पाणी वर फेकत होती, त्याच पाईपनं पाणी उलटं खाली येतं! त्या पाईपचं तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली असेल, तर तोच सायफन होतो. तोंड उघडं पडेपर्यंत तो पाणी ओढत राहतो.

आता दोन घरं बघू.

पहिल्या घरी पाईपचं तोंड पाण्याखाली १० सेमी आहे. पातळी १० सेमी उतरेल. १० × ४ = ४० लिटर. पाईपांतलं आणि कोपऱ्याच्या कप्प्यातलं पाणी ३ लिटर धरू. एकूण ४३ लिटर. खाली जागा ३१ लिटरची. ४३ − ३१ = १२ लिटर पाणी फरशीवर. एक बादली भरून.

दुसऱ्या घरी तोंड पाण्याखाली फक्त २ सेमी आहे. २ × ४ = ८ लिटर, अधिक ३, एकूण ११ लिटर. खालच्या टाकीत पाणी साधारण ५ सेमी चढेल आणि थांबेल. फरशी कोरडी.

टाकी तीच, मोटर तीच, खर्च तोच. फरक फक्त पाईपचं तोंड कुठं ठेवलं याचा. मुलांना हे उत्तर स्वतः काढू द्या. कुणी न सांगता ती म्हणतात, ‘मग तोंड वर घ्यायचं ना!’

काही जण या पाईपमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात. बसवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडं बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. काही महिन्यांत झडपेवर पांढरा थर बसतो, कचरा अडकतो आणि ती पूर्ण मिटत नाही. काही जण पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाईपला बारीक भोक पाडतात, म्हणजे हवा शिरून सायफन तुटतो. हाही उपाय चांगला, पण शेवाळानं ते भोक बुजतं. महिन्याला एकदा टाचणीनं मोकळं करावं लागतं. तोंड वर ठेवण्याला मात्र कसलीच देखभाल लागत नाही.

गणित दुसरं: ओव्हरफ्लो तुंबला तर?

आता उलटं संकट. लाईट आहे, मोटर चालू आहे, पण एखादं पान किंवा गोगलगाय पाईपच्या तोंडाशी अडकली. वर येणारं पाणी चालू, जाणारं बंद.

वरच्या टाकीत पाणी ४१ सेमीपर्यंत आहे, टाकीची उंची ४५ सेमी. म्हणजे ४ सेमी मोकळे. ४ × ४ = १६ लिटरची जागा.

खालच्या टाकीत ४२ लिटर पाणी आहे. मधे काही कप्पे नसतील तर मोटर ते जवळपास सगळं वर फेकेल. १६ लिटर मावेल, बाकी २६ लिटरपर्यंत पाणी काचेवरून खाली. शिवाय पाणी संपल्यावर मोटर कोरडी चालून जळेल ते वेगळंच.

म्हणून खालच्या टाकीत काचेच्या आडव्या भिंती घालून कप्पे करतात आणि मोटर शेवटच्या कप्प्यात ठेवतात. समजा तो कप्पा २० सेमी लांब आहे. २० × ३५ × २० = १४,००० घनसेमी, म्हणजे १४ लिटर. आता मोटरनं कितीही जोर लावला तरी ती १४ लिटरच वर नेऊ शकते आणि वर जागा १६ लिटरची आहे. कोरडा पाईपही तुंबला, तरी पाणी घरात येणार नाही.

या दोन गणितांतून दोन नियम निघतात. मुलांकडून ते फळ्यावर लिहून घ्या:

– लाईट गेल्यावर वरून येणारं पाणी, खालच्या मोकळ्या जागेपेक्षा कमी असलं पाहिजे.
– पाईप तुंबल्यावर खालून वर जाणारं पाणी, वरच्या मोकळ्या जागेपेक्षा कमी असलं पाहिजे.

खालच्या टाकीला बाहेरून मार्करनं एक लाल रेघ मारा: ‘मोटर चालू असताना पाणी याच्या वर नको.’ उन्हाळ्यात पाणी झपाट्यानं उडतं आणि घट फक्त मोटरच्या कप्प्यात दिसते. मग कुणीतरी घाईत बादली ओतून खालची टाकी काठोकाठ भरतं. त्या दिवशी लाईट गेली की मोकळी जागा उरलेलीच नसते. लाल रेघेचा खर्च काही नाही, पण ती घरातल्या सगळ्यांना, अगदी आजीलाही, समजते.

मोटर खरंच किती पाणी फेकते?

मोटरच्या खोक्यावर ‘ताशी १००० लिटर’ असं लिहिलेलं असतं. पण ते पाणी वर चढवायचं नसतानाचं माप असतं. जितकं उंच फेकायचं तितकं पाणी कमी येतं. कूलरची मोटर दोन फूट वर चांगली धार देते, तीच पाच फुटांवर नेली तर धार मंदावते, हे आपण पाहतो.

मग मोजायचं कसं? बादली आणि मोबाईलचं घड्याळ घ्या. मोटर खाली पाण्यात, पाईपचं तोंड टाकीच्या उंचीवर. १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते बघा. समजा ४५ सेकंद लागले. एका तासात ३६०० सेकंद. ३६०० ÷ ४५ = ८०. म्हणजे तासाला ८० बादल्या, ८० × १० = ८०० लिटर.

आता ओव्हरफ्लोचा पाईप तासाला ८०० लिटर नक्की उतरवू शकला पाहिजे आणि कोरडा पाईप एकटासुद्धा तेवढं नेऊ शकला पाहिजे. वर जाणारं पाणी मोटरच्या जोरावर जातं, खाली येणारं फक्त स्वतःच्या वजनानं. म्हणून खाली येणारा पाईप नेहमी एक-दोन माप मोठा घ्यायचा. वर जाणारा पाऊण इंची असेल तर उतरणारा सव्वा इंची. इथं मुलांना एक गंमत दाखवा. एक इंची पाईपऐवजी दोन इंची घेतला तर पाण्याची वाट किती पट होते? बहुतेक मुलं ‘दुप्पट’ म्हणतात. चौकटीच्या कागदावर दोन वर्तुळं काढून आतले चौकोन मोजायला लावा. उत्तर चौपट येतं.

पाईप जोडताना

– काटकोनी एल्बो कमीत कमी. एका एल्बोऐवजी ४५ अंशाचे दोन वापरले तर पाणी अडखळत नाही.
– उतरणारा पाईप कायम उताराचाच असावा. मधेच वर चढून परत उतरला तर त्या उंचवट्यात हवा अडकते.
– खालच्या टाकीत पाईपचं टोक पाण्याखाली दोन-तीन सेमीच बुडालेलं असावं. जास्त खोल बुडालं तर आतली हवा बाहेर पडायला वेळ लागतो आणि पाईप लवकर भरून वाहत नाही.
– टँक कनेक्टरजवळ युनियन बसवा. साफसफाईला पाईप सोडवता आला पाहिजे. सगळंच सोल्युशननं चिकटवलं तर पुढं करवतीशिवाय पर्याय राहत नाही.
– सोल्युशन लावलेले जोड दुसऱ्या दिवसापर्यंत वाळू द्या. नंतर नुसतं पाणी फिरवून ते फेकून द्या आणि मगच टाकीचं पाणी भरा.

पाणी आणि वीज

हा भाग शाळेसाठी सर्वांत महत्त्वाचा. वर्गात मुलं अनवाणी फिरतात. फरशीवर बारा लिटर पाणी आणि त्यात एक्स्टेन्शन बोर्ड पडलेला, याच्याइतकी वाईट कल्पना नाही.

बोर्ड कधीही जमिनीवर किंवा खालच्या टाकीशेजारी नको. तो भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या वर आणि टाकीपासून बाजूला असावा. वायरला प्लगच्या आधी खाली झोल द्यायचा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलाच्या खालच्या टोकाशी ठिबकेल, प्लगमध्ये जाणार नाही. अर्थिंग तपासून घ्या आणि त्या लाईनवर गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्या. टाकीत हात घालायच्या आधी मोटर आणि हीटर दोन्ही बंद. हा नियम मोठ्यांनाही लागू.

मासे सोडण्याआधीची परीक्षा

आपण परीक्षा वर्षाच्या शेवटी घेतो. टाकीची परीक्षा मात्र सुरुवातीलाच घ्यायची, एकही मासा नसताना. शक्य असेल तर अंगणात किंवा ओसरीवर.

पहिल्या दिवशी पाणी भरून एक पूर्ण दिवस तसंच ठेवा. जोडांखाली कोरडा कागद ठेवला की बारीक गळतीही कळते. दुसऱ्या दिवशी मोटर चालू करा आणि पाच वेळा स्विच बंद-चालू करा. दर वेळी खालच्या टाकीत पाणी किती सेमी चढलं ते मुलांनी पट्टीनं मोजून लिहायचं. आपल्या गणितातलं उत्तर ५ सेमी होतं, प्रत्यक्षात किती आलं? फरक का आला? कपाटात हात घालून मोजायचं, म्हणून हे माप स्विच बंद असतानाच घ्या.

मग मुख्य पाईपच्या तोंडाशी ओलं फडकं कोंबा, म्हणजे तो तुंबला असं समजा. कोरडा पाईप एकटा सगळं पाणी नेतोय का ते पाच मिनिटं उभं राहून बघा. शेवटी कोरड्या पाईपलाही फडकं लावा आणि मोटर शेवटच्या कप्प्यातलं पाणी संपवून थांबेपर्यंत वरची टाकी सांडते का ते पाहा. मोटर हवा ओढायला लागली की लगेच स्विच बंद.

या चारही परीक्षांत टाकी पास झाली की मगच मासे. मासे आल्यावर ही तपासणी करणं अवघड जातं. पाणी कमी झालं, घाईत बोअरचं थंड पाणी ओतलं की त्रास माशांना होतो. त्यांना सांगता येत नाही. म्हणून विचार आधी आपणच करायचा.

वर्गात घेताना

टाकी नसली तरी हा पाठ घेता येतो. दोन प्लास्टिकचे डबे, एक वरती बाकावर, एक खाली. वरच्या डब्याला काठाच्या खाली भोक पाडून नळी बसवा. मोटरच्या जागी एक विद्यार्थी, हातात तांब्या. तो खालचं पाणी वर ओततो, नळीतून ते खाली येतं. मग म्हणा, ‘लाईट गेली!’ तो थांबतो. मुलं पाण्याची पातळी मोजतात. मग म्हणा, ‘पाईप तुंबला!’ एक जण नळीवर बोट ठेवतो. पाणी कुठं गेलं ते सगळ्या वर्गाला दिसतं. बहुधा बाकावर!

नंतर मुलांना हे प्रश्न द्या:

१) घराच्या छतावरच्या टाकीला ओव्हरफ्लो पाईप आहे का? तो मोटरच्या पाईपपेक्षा जाड आहे की बारीक?
२) तुमच्या हौदात किंवा रांजणात पाणी १ सेमी कमी झालं तर किती लिटर कमी झालं? (रांजण गोल असेल तर काय अडचण येते?)
३) आपल्या टाकीत खालच्या डब्याची लांबी ६० ऐवजी ४५ सेमी केली, तर पहिल्या गणितातल्या दुसऱ्या घरी पाणी सांडेल का?
४) गावाजवळच्या पाझर तलावाचा सांडवा पाहून या. पाऊस नसताना तो कोरडा का ठेवतात, हे घरच्यांना समजावून सांगा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम इथं देत नाही. पालकांनी मुलांसोबत बसून काढावं. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यासाठी टाकी विकत घ्यावी लागत नाही.